टेबलावरचा बर्फ

“मग ती आली का हो शेवटी?” विहीणबाईंनी विचारलं. माहिती सांगणारे ते गृहस्थ हाच प्रश्न रोज ऐकत असणार, पण न कंटाळता त्यांनी मान हलवली. “नाही आली.” विहीणबाईंनी “अरेरे” म्हणत पदराने कपाळ टिपलं. लेकीचे डोळे जरा ओले झाले. जावई म्हणाले, आजकाल कोण थांबतंय इतकं. आणि एवढं झाल्यावर आम्ही सगळे चपला घालायला दाराशी आलो, जणू जे पाहायचं ते पाहून झालं होतं. आतल्या भिंतींवरची छायाचित्रं तशीच राहिली. त्यांच्यासमोरून आम्ही गेलो होतो, नाही असं नाही. पण लग्नाच्या मांडवात अनोळखी पाहुण्यांसमोरून जातो तसे गेलो होतो. त्या दिवसापासून ही गोष्ट मला आतून कुरतडते आहे, आणि विहीणबाईंवर राग मात्र धरता येत नाही. त्यांनी विचारलं ते अगदी सरळ मनाने.

चाळीसगावला स्टेशनाजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं दगडी घर आहे, आम्ही गेलो होतो ते तिथे. खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यांनी घराला नाव दिलं होतं ‘रेम्ब्राँट्स रिट्रीट’, आणि गावाने त्याला कायम ‘मूससाहेबांचा बंगला’च म्हटलं. स्टेशनाबाहेर लिंबूसोडा विकणाऱ्याला रस्ता विचारला तर त्याने हातातली बाटली तशीच धरून हनुवटीने दिशा दाखवली. “तो काय, समोरच शे. जा, देखी या. भलता मोठा मानूस व्हता.” जन्म १९१२ चा, २ ऑक्टोबरचा, मुंबईत. पारशी घर. इंग्लंडला जाऊन चित्रकला आणि छायाचित्रण शिकून आले, १९३८ च्या सुमारास चाळीसगावात परतले, आणि मग जवळपास पन्नास वर्षं, क्वचित अपवाद सोडले तर, त्या घराबाहेर पडलेच नाहीत. १९८९ च्या ३१ डिसेंबरला तिथेच गेले. का पडले नाहीत, याचं उत्तर गावाकडे तयार आहे. मुंबईतली एक मुलगी, तिने दिलेला शब्द, रेल्वेने चाळीसगावला येईन म्हणाली होती ती. पंजाब मेल यायच्या वेळी मूससाहेब दिवे लावत, दोघांचं ताट मांडत, गाडी निघून गेली की जेवत, असं सांगतात. योगायोग बघा, पंजाब मेलही १९१२ चीच. त्या वर्षीच्या जूनमध्ये ती बॅलार्ड पिअरवरून पहिल्यांदा सुटली, तेव्हा पार पेशावरपर्यंत जायची. गाडी आणि माणूस एकाच वर्षाचे. गाडी अजून धावते आहे.

आता हे सगळं कितपत खरं, यात मला पडायचं नाही. खरं असेलही. माझी कुरकुर वेगळी आहे. ज्या माणसाने तीनशेच्या वर पारितोषिकं मिळवली, चित्रं काढली, शिल्पं केली, लाकूड कोरलं, कागदाच्या घड्या घालून आकृत्या केल्या, सतार वाजवली, त्याच्या घरात शिरून आपण विचारतो काय, तर न आलेल्या बाईबद्दल. त्याच्या हातांबद्दल कोणी काही विचारत नाही.

आणि हात तर भिंतभर आहेत.

मूस यांचं नाव झालं ते टेबलटॉप छायाचित्रणासाठी. म्हणजे खोलीत एका टेबलावर अख्खा मुलूख उभा करायचा. वाळूची टेकडी, काटकीचं झाड, पुठ्ठ्याची झोपडी, बर्फ हवा असेल तर मीठ नाहीतर पीठ, आणि मागे आभाळ म्हणून एखादा पडदा. मग दिवा. सगळं कसब त्या दिव्यात. तो हातभर खाली आला की सकाळची संध्याकाळ होते, एका अंगाला गेला की काटकीची सावली दहा पुरुष लांब पडते. कॅमेरा इतका खाली न्यायचा की बघणाऱ्याच्या डोळ्यांना टेबलाची कड दिसता कामा नये. तिळाएवढा दगड बोरीच्या झाडाला बेढब दिसतो, म्हणून तो काढून मोहरीएवढा लावायचा. एवढं झाल्यावर एक चित्र. तेही फिल्मवर, म्हणजे बरोबर आलं की नाही ते अंधाऱ्या खोलीत जाऊन, रसायनात कागद बुडवून, तांबड्या दिव्यात वाट पाहून कळणार. बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. आम्ही गेलो त्या दिवशी बाहेर पारा ४४ च्या वर होता. दगडी भिंतींमुळे आत बरं वाटत होतं, तरी मानेवरून घाम ओघळत होता. अशा गावात, अशा उन्हाळ्यात, पंख्याचा वारासुद्धा चालणार नाही अशा कामात हा माणूस वर्षानुवर्षं गढलेला. त्याच्या रात्री नुसत्या रूळांकडे कान लावून गेल्या असतील, हे मला पटत नाही. ज्याला वाट बघायची असते तो इतकं मीठ चाळत बसत नाही.

हे बोलायचा मला अधिकार काय, तर थोडासा आहे. माझं लहानपण पाचोऱ्याला एका फोटो स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर गेलं. खाली स्टुडिओ, वर आम्ही भाडेकरू. जिन्यात सदा हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या रसायनाचा वास. तो आंबट, नाकात बसणारा वास मला अजून कुठे आला की शाळेला उशीर होतोय असं वाटतं. स्टुडिओवाले काका आमच्या वडिलांचे मित्र. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते काचेच्या चौकटीवर निगेटिव्ह लावून बारीक पेन्सिलीने नवऱ्या मुलींच्या गालावरचे देवीचे व्रण बुजवत बसायचे. एक व्रण, मग चष्मा वर, मग दुसरा. बोलले तर हात हलेल म्हणून बोलायचे नाहीत. त्यांच्या मागच्या भिंतीवर पडदा होता, त्यावर रंगवलेला समुद्र. निळ्या लाटा, एक शिडाचं होडकं, दोन नारळ. तालुक्यातल्या कित्येक जोडप्यांनी त्या समुद्रासमोर उभं राहून फोटो काढले असतील. नवरा खुर्चीवर, बायको मागे, तिच्या डोक्याच्या वर बरोबर ते होडकं. मीही पहिला समुद्र पाहिला तो तिथेच. पुढे लेकीच्या सासरी गेल्यावर खरा पाहिला तेव्हा मला तो जरा मळकट वाटला, हे रत्नागिरीकरांना सांगण्याची सोय नाही.

काकांच्या कामाला कोणी कला म्हटलं नाही, त्यांनीही नाही. पण दुपारभर एका गालापुढे बसणं म्हणजे काय ते मला जिन्यातून दिसलेलं आहे. काका कोणाची वाट बघत होते का? बघत असतीलही. उधारीवाल्यांची तर नक्कीच.

म्हणून त्या घरात मला सारखं वाटत होतं, कोणीतरी एकदा थांबून विचारावं, हा उजेड कुठून आणला? घराला रेम्ब्राँटचं नाव दिलेल्या माणसाला हाच प्रश्न आवडला असता. त्या डच चित्रकारानेही आयुष्यभर दुसरं काय केलं, एका बाजूने प्रकाश आत घेतला आणि बाकीच्या अंधाराला त्याच्या जागी बसू दिलं. इथल्या भिंतींवरच्या चेहऱ्यांमध्ये तेच आहे. एखाद्या म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांत प्रकाश असा शिरलाय की त्या सुरकुत्यांत नांगरलेलं रान दिसावं. मी तिथे जरा रेंगाळले, तर मागून लेक म्हणाली, “आई, चल ना, गाडी उन्हात आहे.”

आणि तरीही. गोष्ट वजा केली तर त्या घरात किती लोक येतील? लेकीला, जावयांना, विहीणबाईंना, नातवाला मी चाळीसगावला आणलं ते काय सांगून? “टेबलटॉप छायाचित्रण दाखवते” म्हटलं असतं तर जावई हॉटेलात एसी लावून झोपले असते. मी म्हटलं, एक माणूस पन्नास वर्षं एकीची वाट बघत घरात बसला होता, ते घर दाखवते. लगेच सगळे निघाले. मूस यांच्या मागे ज्यांनी ते घर, ती छायाचित्रं, ती सामानसुमानाची दालनं सांभाळली, त्यांच्याही हे ध्यानात असणारच. दाराशी गोष्ट उभी करायची, आणि आत शंभरातला एखादा जरी भिंतीपाशी थबकला तरी पुष्कळ. मला हे कळतं, पण त्याने कुरकुर काही थांबत नाही.

गाडीत विहीणबाईंनीच विषय काढला. “आमच्याकडे थिबा राजाचं असंच आहे हो.” रत्नागिरीला तो राजवाडा मीही पाहिला आहे. तांबडा, लाकडी कमानींच्या खिडक्यांचा, खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेश घेतला, राजाला आधी मद्रासला आणि मग रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा तयार झाला १९१० मध्ये आणि राजा गेला १९१६ मध्ये. म्हणजे आयुष्याची पंचवीस वर्षं परक्या गावात काढल्यावर त्याला ते घर मिळालं, तेही सहा वर्षांपुरतं. आता तिथे संग्रहालय आहे. “पण येणारा माणूस विचारतो ते राजकन्येबद्दल,” विहीणबाई म्हणाल्या. थोरल्या राजकन्येने वाड्यावरच्याच एका चाकरावर जीव लावला, तिची मुलगी रत्नागिरीतच वाढली, तिथेच तिने गरिबीत संसार केला. “पाव्हणे आले की मीच सांगते ती गोष्ट. खिडक्यांचं काय सांगणार?” मी म्हटलं, त्या खिडक्यांतून तो राजा रोज समुद्राकडे बघत असेल, त्याचं सांगा. तर त्या म्हणाल्या, “ते कोणाला दिसलंय?” यावर मला उत्तर सुचलं नाही. एकाला बाहेर जाऊ दिलं नाही, दुसरा आपणहून गेला नाही, आणि दोघांच्या घरांत आपण शोधतो मात्र एकच वस्तू.

तिथून आम्ही पाटणादेवीला गेलो. चाळीसगावाहून फार लांब नाही, पण नाक्याच्या आत शिरलं की हवा बदलते. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं, आमच्या जळगाव जिल्ह्यातून थेट पलीकडे मराठवाड्यात उतरणारं. मे महिन्यात या जंगलाला जंगल म्हणायला शहरी माणूस तयार होत नाही. धवलतीर्थाचा धबधबा म्हणजे काळ्या कड्यावरचा एक पांढरट ओघळ, केदारकुंडात पाचोळा. साग पार उघडा. सालईची साल कागदासारखी सुटलेली. फक्त अंजनाला तेवढी कोवळी तांबूस पालवी, तीही ढोरांसाठी ओरबाडून न्यावी अशी लुसलुशीत. कोकणातल्या हिरव्या अंधारात वाढलेल्या विहीणबाई काचेतून बघत होत्या आणि सभ्यपणाने काही बोलत नव्हत्या. मला मात्र हे रान असंच आवडतं. पावसाळ्यात इथे सगळेच येतात, पोरं धबधब्याखाली बनियनवर नाचतात. उन्हाळ्यात डोंगराची हाडं दिसतात. कन्हेरगडाची धार, कातळातल्या लेण्यांची काळी तोंडं, पानगळीत पावलांचा चुरचुर आवाज, आणि कुठूनतरी मोहाच्या फळांचा जड वास.

देवीचं दर्शन झालं, नारळ झाला. मग माझा आवडता भाग, शिलालेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाचा ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला, आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असा मजकूर. वरचा भाग संस्कृतात, वंशावळ, स्तुती, सगळं रीतसर. आणि शेवटी एकदम आपली जुनी मराठी, कारण तिथे कामाचं बोलायचं आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाचा हक्क मठाला द्यायचा, माप कोणतं वापरायचं, तेलाच्या घाण्यांनी तेल किती द्यायचं. मला हे वाचून नेहमी हसू येतं आणि जरा भरूनही येतं. गणित शिकवायचं तर पोरांच्या दिव्याला तेल लागणार, ते दरवर्षी आठवण न करता आलं पाहिजे, म्हणून कोणीतरी बसून घाण्यांचा हिशेब दगडावर कोरून घेतला. मठ कुठे होता त्याचा आज मागमूस नाही. घर गेलं, तेलाची तजवीज राहिली.

पण देवळाच्या पायरीवर बसल्यावर जावयांनी नातवाला काय सांगितलं? लीलावतीची गोष्ट. भास्कराचार्यांची लेक, तिच्या लग्नाचा एकच मुहूर्त, वेळ मोजायला पाण्यात सोडलेलं, तळाला भोक असलेलं घटिकापात्र, ती वाकून बघायला गेली, दागिन्यातला मोती त्यात पडला, भोक बुजलं, पात्र बुडालंच नाही आणि मुहूर्त टळून गेला. मग बापाने तिच्या नावे ग्रंथ लिहिला. नातू आ वासून ऐकत होता. ग्रंथ ११५० चा. ही गोष्ट पहिल्यांदा सापडते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात, चारशेहून जास्त वर्षांनी. शिलालेखात भास्कराचा मुलगा लक्ष्मीधर आहे, नातू चांगदेव आहे, लग्न मोडलेली मुलगी नाही. मी हे बोलले नाही. एका दिवसात दोनदा सगळ्यांचा हिरमोड करणं बरं दिसत नाही. त्याऐवजी मी नातवाला त्याच ग्रंथातलं भुंग्यांचं गणित घातलं. थव्यातले एकपंचमांश भुंगे कदंबावर गेले, एकतृतीयांश शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक उरला तो केतकी आणि मालतीच्या वासाने वेडावून हवेतच घिरट्या घालतोय. तर भुंगे किती? पठ्ठ्याने काटकी घेतली आणि पायरीखालच्या मातीत अंश-छेद मांडायला सुरुवात केली. घाम नाकावरून आकड्यांवर पडत होता. दोनदा खोडलं. मग ओरडला, “पंधरा!” तीन, पाच, सहा आणि एक. बरोबर. आणि विहीणबाई म्हणाल्या, “पण तो एकटा राहिलेला भुंगा, तो कुठे गेला मग?”

मी हसले ते इतकं की देवळातले गुरव बाहेर येऊन बघून गेले.

याच पाटण्याच्या परिसरात १९७० च्या दशकातल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे, आणि त्यांतल्या एकावर कोणीतरी रेघांची जाळी कोरलेली आहे. खान्देशात शहामृगं होती आणि त्यांच्या अंड्यावर नक्षी काढणारा माणूसही होता. परतताना मी हे गाडीत सांगितलं तेव्हा सगळे क्षणभर गप्प झाले. मग लेक म्हणाली, “बायकोसाठीच काढली असणार.” झालं! म्हणजे त्यालाही आता सुटका नाही.

रात्री पाचोऱ्याला शेवभाजी, कळण्याची भाकरी असं साग्रसंगीत जेवण झाल्यावर मी ओटा आवरत होते, तेव्हा नातू मिठाची बरणी मागायला आला. कशाला, तर बर्फ करायचाय. जेवणाच्या टेबलावर त्याने आमच्या ह्यांचं काळं जाकीट मागे लटकवून आभाळ केलं होतं, तुळशीच्या वाळक्या काड्या पिठाच्या गोळ्यांत रोवल्या होत्या, काडेपेटीची झोपडी. मिठाने भागेना म्हणून कणीक, कणकेने पिवळं दिसतंय म्हणून तांदळाची पिठी. त्याने मोबाइलची बॅटरी समोरून मारली आणि फोटो काढला. फोटोत दिसलं ते जेवणाचं टेबल आणि त्यावर सांडलेलं पीठ. तो खट्टू झाला. मी काही सांगणार, इतक्यात विहीणबाई पदर खोचून पुढे आल्या आणि त्याच्या हातातली बॅटरी काढून घेतली. “समोरून नाही रे. त्या घरात बघितलं नाहीस? एका अंगाने होता उजेड सगळीकडे, आणि खालून. हां, असा.” त्यांनी बॅटरी टेबलाच्या कडेला टेकवली आणि तुळशीच्या काडीची सावली पिठावरून लांबच लांब पसरत गेली. त्या म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांपाशी त्या कधी थांबल्या होत्या, मला कळलंच नव्हतं. “कॅमेरा खाली घे. अजून खाली. टेबलाची कड दिसतेय.” पंख्याने पीठ उडत होतं म्हणून तो बंद केला. ह्यांनी येऊन पंखा का बंद म्हणून विचारलं तर विहीणबाईंनी त्यांना दाराबाहेर थांबायला सांगितलं. जावई एक हात वर करून जाकीट ताणून उभे, लेक काडेपेटी सरकवतेय, सगळ्यांच्या पाठी घामाने चिंब, आणि नातू पोटावर झोपून एक डोळा मिटून ओरडतोय की कोणी श्वास घेऊ नका, बर्फ हलतोय.